पांढऱ्यात पांढरं

माय, या दोन हातांनी मी काय काय केलं ते आधी सांगतो, मग बाकीचं. खोक्याच्या फळ्या रंधून मशीनचं टेबल केलं, ते अजून हलत नाही. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर ब्लाऊजचे नमुने आखले, कटोरीचा, साधा, बंद गळ्याचा, आणि कागदाच्या कडा झिजल्या तेव्हा तेच नमुने एक्स-रेच्या फिल्मवर उतरवून घेतले. फिल्म झिजत नाही आणि चुरगळत नाही. विहारातले पडदे शिवले. पोरीचा बालवाडीपासून बारावीपर्यंतचा एकही गणवेश बाहेरून शिवून आणला नाही. तुझ्या सुनेचे लग्नानंतरचे सगळे ब्लाऊज मी शिवले, आणि ऑपरेशननंतर तिचा डावा हात खांद्याच्या वर जाईना तेव्हा पुढून नाड्या बांधायचे, काखेपासून बाहीच्या टोकापर्यंत टिचबटणं लावलेले चार ब्लाऊज शिवले, म्हणजे हात न उचलता घालता यावेत. असा ब्लाऊज मी कुठे पाहिला नव्हता. माझ्याच डोक्यातून काढला. त्यातले दोन तिनं घातले. दोन कोरे राहिले. यातलं काही मला कोणी शिकवलं नाही. दुकानात कोणी विचारलं की उस्ताद कोण, तर मी सांगायचो, उसवणं. शिवलेलं उसवून उसवून शिकलो.

तर तुझी सून गेली, माय. हिवाळ्यात गेली. तुला तिकडे कळलं असेल असं मी मानत नाही. आपल्यात मेलेला माणूस कुठे जाऊन बसत नाही, वाट पाहत नाही. हे मला तूच सांगितलं होतंस, बाबा गेले तेव्हा. म्हणून हे पत्र कुठे पोचणार नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. खरं तर पत्र तिलाच लिहायला बसलो होतो. पहिल्याच शब्दाला अडलो. तिचं नाव मी कधी घेतलं नाही. घरात ‘अवं’ म्हणायचो, की ती यायची. कागदावर ‘अवं’ लिहून पाहिलं तर ते इतकं उघडं दिसलं की मी पान उलटं करून ठेवलं. मग तुला लिहायला घेतलं. दुसरंही कारण आहे. जे सांगायचं आहे ते तिच्याशिवाय फक्त तुला माहीत होतं.

तुला तो हिरव्या ब्लाऊजचा दिवस आठवतो का? लग्नाला दोनच महिने झाले होते. मशीन तू घेऊन दिलेलं, विड्या वळून वळून, जुनं, पायाचं, आणि मी गल्लीत नाव कमवायला लागलो होतो. मास्तरीणबाईंनी पोपटी साडीवर मॅचिंग आणायला सांगितलं, मी सीताबर्डीतून आणलं, शिवलं, आणि बाईंनी ते माझ्या तोंडावर आणून दिलं. म्हणाल्या, “हा काय रंग आणला? शेवाळ दिसते.” मी भांडलो. दुकानदाराला दोष दिला, ट्यूबलाइटला दोष दिला. बाई गेल्यावर तू चुलीपुढून उठली नाहीस, भाकरी थापता थापताच म्हणालीस, “भांडून काहून रायला गा? तुले रंग दिसत नाही.” मी म्हणालो, मला सगळं दिसतं. तू भाकरी तव्यावर टाकलीस आणि म्हणालीस, “लहानपणी तू पिकलं टमाटर अन् कच्चं टमाटर दाबून पाहायचा. मी तवाच समजली. हाताले येते ते डोळ्याले येईलच असं नाही, बाप्पा.” मी जेवलो नाही त्या दिवशी. इतका राग मला माझ्या आयुष्यात दुसऱ्या कोणाचा आला नाही, कारण तू ते हळू आवाजात म्हणाली होतीस.

दुसऱ्या दिवशी तू मला हाक मारून तुझ्या सुपाकडे बोट दाखवलंस. तेंदूची पानं तू भिजवून ठेवली होतीस, आणि घरात नवी आलेली ती पोरगी कोणी न सांगता पानं वेगळी करत बसली होती. कोवळी, जून, आणि मधली. मधल्यांच्यातही तिनं दोन ढीग केले होते. मला ते दोन ढीग एकच दिसत होते. तू म्हणालीस, “या पोरीले डोळे हायेत. तिले घेऊन जात जा दुकानात. कोनाले सांगाची गरज नाही.” ती खाली मान घालून हसली. एवढंच. त्यानंतर सगळी वर्षं आम्ही दोघं मिळून सीताबर्डीला जात राहिलो. दुकानात ती बोलायची नाही, तिला लाज वाटायची. मी पीस काढायला लावायचो, पोत बघायचो, दोरा मोजायचो, कापड बोटांत चोळून खळ किती ते सांगायचो, आणि मग म्हणायचो, जरा उजेडात पाहून येतो. मॅचिंगच्या दुकानात हे सगळेच करतात, आतल्या दिव्यांवर कोणी भरवसा ठेवत नाही. साडी आणि पीस घेऊन दारात यायचं, उन्हात धरायचं. तिथे ती बोलायची. आधी रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघायची. मी घाई केली की म्हणायची, “थांबा जी, डोळे धुऊन घेऊ द्या.” हिरव्याकडे पाहून पाहून डोळे धुवायची आणि मग एकदम वळून कापडाकडे बघायची. “हे.” किंवा, “हे नाही, ते.” दुसऱ्यांदा बघायची नाही. मी आत जाऊन तो पीस काउंटरवर ठेवायचो. दुकानातल्या लोकांना वाटायचं, काय नजर आहे या माणसाची! एकदा घरी येताना मी तिला म्हणालो, आता सांगून टाकू का त्यांना? तर म्हणाली, “राहू द्या, तुमच्या नावाचं ते, माह्या कामाचं.” आणि खळखळून हसली.

आता पोरीचं लग्न आहे. तू तिला रांगताना सोडून गेलीस, ती आता मिहानमध्ये संगणकावर काम करते, चष्मा लावते, मला इंग्रजीत फोनवरून ओरडते. येत्या रविवारी विहारात लग्न. मुलाकडच्यांनी लाल-हिरव्या साड्या काढल्या होत्या, त्यांच्यात आता तसं चालतं. पण पोरगी म्हणाली, मी आईची पांढरी नेसणार. कोणती ते तुला सांगायला नको. तूच आणली होतीस, सुनेसाठी, विडीच्या मजुरीतून. माझ्या आजीनं दीक्षेच्या दिवशी पांढरं लुगडं नेसलं होतं, तुझ्या लग्नात पांढरं होतं, माझ्या बायकोच्या अंगावर पांढरंच पाहिजे म्हणून तू हटून बसली होतीस. साडी चांगली आहे. एका ठिकाणी रफू आहे, मी केलेलं, दिसत नाही. ब्लाऊज मात्र कधीच विरून गेला. पोरगी म्हणाली, “बाबा, ब्लाऊज तुम्हीच शिवायचा. मी बुटीकमध्ये देणार नाही.” मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? माय, तिची आई गेल्यापासून मी एकही ऑर्डर घेतलेली नाही. बायका येतात, कापड काढतात, आणि मी म्हणतो, मनच लागत नाही. त्यांना ते पटतं. पोरीलाही पटतं. रिळांचा डबा मी उघडत नाही. त्यात रिळं तिनं लावली आहेत त्याच क्रमानं आहेत. एक जरी उचललं तर परत कुठे ठेवायचं ते मला कळणार नाही.

तर मी साडी पिशवीत घालून सीताबर्डीला गेलो. दुकान तेच, जुने शेठ वारले, आता त्यांचा मुलगा बसतो. काउंटरला एक नवी पोरगी होती, मोबाइलच्या कव्हरवर मांजरीचं चित्र असलेली. मी म्हणालो, ब्लाऊजला पांढरा टू बाय टू दाखव. ती म्हणाली, “पांढऱ्यात कोनता, काका? दुधी, मोतिया, ऑफ-व्हाइट, चांदनी, का बर्फ?”

“पांढरा दे ना बाई, पांढरा.”

“तसा कलरच नाही ना आमच्याकडे,” ती म्हणाली आणि हसली. मीही हसलो. फार दिवसांनी हसलो. तिनं ढीग काढला. मी पोत पाहिलं, दोरा पाहिला, तीन पीस बाजूला केले. त्यांच्यात काय फरक आहे ते मला हातानं कळत होतं. एक जरा जाड, एकाची खळ जास्त, एक मऊ. रंगानं तिन्ही एकच. मी म्हणालो, उजेडात पाहून येतो. ती म्हणाली, “या ना काका, पन जरा लांब जा लागते आता. दारात ऊनच नाही येत.” खरंच. मेट्रोचा पूल डोक्यावरून गेला तेव्हापासून त्या दुकानाच्या दारात भर दुपारीही सावली असते. ऊन पडतं ते थोडं पुढे, दोन खांबांच्या मधे, गाडी उभी राहील एवढ्याच जागेत. मी तिथे जाऊन उभा राहिलो. साडीचा पदर काढला, पीस लावून धरले. रस्त्यापलीकडचं झाड आता नाही. तेवढं आठवतं. पुढचं मला सांगता येणार नाही. मला पुढचं आठवतं ते मेट्रोतलं, आपल्या इंदोऱ्याच्या स्टेशनचं नाव पुकारल्याचं, आणि जिना उतरताना मनाला इतकं बरं वाटत होतं की काम झालं, आता घरी जाऊन चहा टाकायला सांगू.

घरी आलो, कुलूप काढलं. माय, कुलूप काढताना कळतं. तोपर्यंत काही नाही. साडी बाहेर काढली आणि तिच्यासोबत तीन पीस बाहेर पडले. पैसे मी दिलेच नव्हते. पाकीट खिशातून काढल्याचंसुद्धा आठवेना. कान असे तापले की मी नळाखाली डोकं धरलं. या बाजारात मी इतकी वर्षं फिरलो, सुईच्या पाकिटात एक सुई जास्त निघाली तरी परत नेऊन दिली आहे. लगेच उलटपावली जायचं म्हणून चप्पल घातली, पण आधी तिन्ही पीस नीट घड्या करून ठेवावेत म्हणून टेबलावर पसरले आणि तिथेच बसून राहिलो. मला दिसेना, कोणता. तीनही एकसारखे पांढरे. खिडकीत नेले, दिव्याखाली नेले. मग पोरगी ड्युटीवरून आली. दारातूनच म्हणाली, “मिळालं का बाबा?” मी म्हणालो, मिळालं. ती म्हणाली, “बघू,” आणि मी घाईनं सगळं कागदात गुंडाळलं, म्हणालो, शिवल्यावर बघ.

सकाळी दुकानाचं शटर वर जात होतं तेव्हा मी समोर उभा होतो. काउंटरची पोरगी आत नव्हती, पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर घेऊन. मला पाहून उठली आणि आत तोंड करून ओरडली, “आले पहा! म्हनलं होतं ना मी!” मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “काका, तुम्ही तर मले घरीच बसवत होते.” काल दुकान बंद करताना पांढऱ्याच्या ढिगात तीन पीस कमी भरले होते. तिनं सांगितलं, एक काका उजेडात घेऊन गेले, येतील. मॅनेजर म्हणाला, काका अजून उजेडातच आहेत काय? तिची पिशवी उघडायला लावली, डबासुद्धा उघडायला लावला, चार पोरींसमोर. आणि सकाळी शेठ आल्यावर फैसला, तोवर काउंटरवर बसू नको. तिला लागून दोनच महिने झाले आहेत. मी विचारलं, “तुला काय माहीत मी येईन म्हणून?” ती म्हणाली, “जो मानूस पांढऱ्याले इतका येळ पाहते, तो चोरी काय करन?”

मी आत गेलो, पीस काउंटरवर ठेवले आणि मोठ्यानं सांगितलं की चूक माझी आहे, काल मी पैसे न देता गेलो. मॅनेजर मानेनंच हं हं करत होता, जसं म्हाताऱ्या माणसाला करतात. शेठचा मुलगा आला, पायाला हात लावायला वाकला. “अरे काका, इतनी सी बात? आप तो पिताजी के जमाने के हो. फोन करायचा ना, पोरगा पाठवला असता.” मी म्हणालो, माझं राहू द्या, आधी या मुलीला चार पोरींसमोर सांगा की तिची चूक नव्हती. तो मॅनेजरकडे पाहायला लागला. मॅनेजर म्हणाला, “कॅमेऱ्यात पाहून घेऊ ना साहेब, म्हणजे झगडाच नाही.” त्याला वाटलं असेल, कॅमेऱ्यात पोरीचं काही निघेल. मी म्हणालो, लावा.

गल्ल्याच्या मागे टीव्ही आहे, त्याच्यात चार चौकटी. एका चौकटीत दुकानाबाहेरचा रस्ता, आणि त्या चौकटीच्या अगदी कोपऱ्यात ती उन्हाची जागा. मी आलो. पाठीत एवढा वाकलो आहे हे मला माहीत नव्हतं. मी साडी धरली, पीस लावला. मग उजवीकडे वळलो, माय. उजवीकडे कोणी नव्हतं. मी कापड त्या बाजूला थोडं खाली धरलं, तिच्या उंचीला. आणि थांबलो. बराच वेळ नुसता थांबलो, डोळे धुऊन होईपर्यंत माणूस जसा थांबतो तसा. एक स्कूटरवाला हॉर्न वाजवून वळसा घेऊन गेला, मी हललो नाही. मग दुसरा पीस धरला. मग तिसरा. ओठ हलत होते. तिसऱ्याला मी मान हलवली, बरं म्हणतो तशी. सगळं पिशवीत घातलं, आणि उजव्या बाजूला जरा जागा सोडून, गाड्यांची बाजू आपल्याकडे घेऊन, मी चालू लागलो आणि चौकटीतून बाहेर गेलो.

शेठचा मुलगा म्हणाला, “काका, मोबाइलवर बोलत होते काय? कानात ते लावून?” मॅनेजर हसला. ती पोरगी म्हणाली, “शेठ, बंद करा ना ते.” पण मी म्हणालो, परत लावा. त्यांनी परत लावलं. मी आणखी एकदा लावायला सांगितलं. त्यांना वाटलं असेल, म्हातारा स्वतःला बघून लाजला. मी माझ्याकडे पाहतच नव्हतो. मी तिसऱ्या पिसाकडे पाहत होतो. टीव्हीत तिन्ही पांढरे तर आणखीच एक झाले होते, नुसते उजेडाचे तुकडे. पण दोन पिसांच्या कडा कातरीनं नक्षीदार कापलेल्या होत्या आणि एक हातानं फाडलेला होता, त्याचे दोरे सुटले होते. तिसऱ्या पिसाचे दोरे वाऱ्यानं उडत होते. ज्याला मी मान हलवली तो. मी काउंटरवरून तो उचलला, दोन परत ढिगात ठेवले आणि पैसे दिले. तो घेत नव्हता, मी घ्यायला लावले. मग त्यानं सगळ्या पोरींना बोलावलं आणि त्या मुलीला म्हणाला, बेटा, तुझी काही गलती नव्हती. मॅनेजर हिशेब करत राहिला. ती मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली. फक्त म्हणाली, “मोतिया हाय तो, काका.” मी म्हणालो, असेल.

ब्लाऊज शिवला. आतून अस्तर लावलं, गळ्याला गोल पट्टी, हुकाची पट्टी दुहेरी, हातशिलाई इतकी बारीक की सुलट बाजूनं एक टाका शोधून दाखवावा कोणी. बाहीला साडीच्याच जुन्या काठाची चिंधी जपून ठेवली होती ती लावली. दोरा मात्र काउंटरच्या त्याच पोरीकडून मागवला, मोतिया म्हणून. आपल्या पोरीनं काल घालून पाहिला, वर साडी नेसली. शेजारच्या बायका आल्या, म्हणाल्या, “अवं, एकदम सेम! एका ताग्यातलं वाटते.” पण त्या लग्नघरी काहीही म्हणतील. मी पोरीला गच्चीवर नेलं. ऊन होतं. खालच्या निंबाला नवी पालवी आली आहे. मी म्हणालो, आधी त्या झाडाकडे बघ, बराच वेळ, आणि मग एकदम बाहीकडे बघ. ती म्हणाली, “हे काय, बाबा?” मी म्हणालो, तुझी आई असं करायची. पोरीनं चष्मा पुसला, झाडाकडे पाहत राहिली, आणि मग वळून बाहीकडे पाहिलं. थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “बरोबर आहे, बाबा.”

तो थोडा वेळ कशाचा होता, माय? कापडाचा की आईचा? मला विचारता आलं नाही. बरोबर आहे का ते मला कधीच कळणार नाही. रविवारी ती त्या पांढऱ्यात उभी राहील, सगळे पाहतील, आणि मला फक्त माझी शिलाई दिसेल.

तुला वाचता येत नव्हतं. तू असतीस तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं, आणि ते मला जमलं नसतं. म्हणून हे कुठे टाकणार नाही, कोणाला देणारही नाही. एकच सांगायचं राहिलं. त्या दिवशी पैसे घेऊन झाल्यावर शेठच्या मुलानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, “काका, पांढऱ्यात पांढरं ओळखणारा माणूस आता नागपुरात उरला नाही. पिताजी म्हणायचे, काय नजर आहे तुमची! आमच्याकडे मॅचिंगला बसा. काही उचलायचं नाही, विकायचं नाही, गिऱ्हाईक आलं की उजेडात जाऊन फक्त सांगायचं, हे की ते.” मी लगेच नाही म्हणालो नाही, माय. क्षणभर हो म्हणावंसं वाटलं. पगारासाठी नाही. रोज त्या दोन खांबांच्या मधल्या उन्हात जाऊन उभं राहायला कारण मिळालं असतं. पण नुकतंच मी तीनदा पाहून आलो होतो, माझ्या उजव्या बाजूला कोणी नव्हतं. मी त्याला सांगितलं, ऑर्डरी फार आहेत, जमायचं नाही. मंगळवारची सुटी आणि महिन्याचे अठरा हजार देत होता तो.